विचित्र स्वप्नाचा आपल्यापुरता अर्थ: लावायचा कसा, तपासायचा कसा

काही महिन्यांपूर्वी मला पडलेलं एक स्वप्न सांगतो. माझंच घर, पण खोल्या जरा जास्तच लांबट. शाळेतला एक मित्र, ज्याच्याशी गेल्या वीसेक वर्षांत बोलणं नाही, स्टुलावर उभा राहून भिंतीवरची विजेची बटणं एकेक करून काढतोय आणि खिशात टाकतोय. खोलीत अंधार वाढत चाललाय. आणि मी? त्याला नीट दिसावं म्हणून बॅटरी धरून उभा आहे. मध्येच तो एक बटण मला परत देतो, मी ते मुठीत घट्ट धरतो. कोणीतरी यायच्या आत हे सगळं उरकायला हवं, अशी घाई. तेवढ्यात जाग आली.

अशा स्वप्नानंतर माणूस बहुतेक वेळा दोनपैकी एक करतो. ‘काय वाट्टेल ते पडतं’ म्हणून झटकून टाकतो, नाहीतर फोन हातात घेऊन शोधायला लागतो: स्वप्नात अंधार दिसणे, स्वप्नात चोरी होणे, स्वप्नात जुना मित्र भेटणे. तिन्ही नोंदी सापडतात आणि तिघींची तोंडं तीन दिशांना असतात. मी दोन्ही करून पाहिलं आहे. आता तिसरंच काहीतरी करतो, आणि तेच इथे सविस्तर लिहितो आहे. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, एक वही लागते, आणि पहिल्याच सुचलेल्या अर्थावर भाळायचं नाही इतका धीर लागतो. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड.

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण मला अर्धी पटते. मनातलंच दिसतं हे खरं, पण मनात जे असतं ते आणि आपल्या मनात आहे असं आपल्याला वाटतं ते, ही दोन वेगळी असू शकतात. विचित्र स्वप्नाचा उपयोग असलाच तर तिथे आहे.

झोपेत डोक्यात काय चालतं

हे थोडक्यातच सांगतो, पण पुढच्या पायऱ्यांचं कारण इथे आहे. १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी झोपेतल्या एका टप्प्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. या टप्प्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. त्यालाच आज रेम झोप म्हणतात. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं आणि प्रत्येक चक्राच्या शेवटाकडे हा टप्पा येतो. पहाटेकडे तो लांबत जातो, म्हणून लांबलचक, रंगीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुधा पहाटेची असतात. या वेळी मेंदूतले भावनांशी निगडित भाग जोरात काम करत असतात, आणि ‘थांब, हे कसं शक्य आहे?’ असं विचारणारा कपाळामागचा भाग बराच शांत असतो. त्यामुळे घरातली बटणं काढली जात असताना बॅटरी धरून उभं राहण्यात स्वप्नातल्या मला काहीच वावगं वाटलं नाही.

१९७७ साली ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी एक धक्कादायक मत मांडलं. मेंदूच्या खोडातून येणाऱ्या आपोआप संकेतांना वरचा मेंदू गोष्टीचं रूप देतो, तेच स्वप्न, असं ते मत. ‘म्हणजे स्वप्नांना अर्थ नाही’ असा निष्कर्ष लोकांनी यातून काढला. तो हॉब्सन यांचा स्वतःचा नव्हता. ढगात हत्ती दिसला तर ढगाने हत्ती काढलेला नसतो हे कबूल, पण शेजारच्याला त्याच ढगात जहाज दिसलं आणि मला हत्तीच का, हा प्रश्न उरतोच. आपल्याला काम करायचं आहे ते या उरलेल्या प्रश्नावर. कोणी निरोप पाठवलाय आणि तो उलगडायचाय, असं धरून बसलात तर पहिल्याच वळणावर चुकाल.

पहिली पायरी: हलू नका, मग लिहा

जाग आल्यावर कूस बदलू नका, फोन घेऊ नका. ज्या स्थितीत जाग आली त्याच स्थितीत पडून शेवटचं दृश्य धरा आणि तिथून मागे मागे जा. स्वप्न शेपटाकडूनच हाती लागतं. सुरुवात आठवायला गेलात तर सगळंच निसटेल.

मग लिहा, आणि वाचता येईल असं लिहा. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाची गोष्ट यासाठी सांगण्याजोगी आहे. ती त्यांनी स्वतःच सांगितली आहे. मज्जातंतूंचे संदेश रसायनांमार्फत पोहोचतात का, हे कसं सिद्ध करायचं याचा प्रयोग त्यांना स्वप्नात सुचला. अर्धवट झोपेत त्यांनी एका चिटोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि परत झोपले. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दैव बलवत्तर म्हणून पुढच्या रात्री कल्पना पुन्हा आली. या वेळी ते उठून तडक प्रयोगशाळेत गेले आणि बेडकाच्या हृदयावरचा तो प्रयोग करून मोकळे झाले. निष्कर्ष १९२१ साली प्रसिद्ध झाले आणि १९३६ साली त्यांना नोबेल मिळालं. तुमच्या-माझ्या स्वप्नाला दुसरी रात्र मिळेलच असं नाही.

लिहिताना वर्तमानकाळ वापरा. ‘मी उभा होतो’ऐवजी ‘मी उभा आहे’. एवढ्याशा बदलाने तपशील परत येतात. गोष्ट नीटनेटकी करू नका. दोन दृश्यांमधला सांधा आठवत नसेल तर ‘मग एकदम’ असं लिहून पुढे जा. सांधा जुळवलात की तो तुमच्या जाग्या डोक्याचा होतो, आणि पुढे तुम्ही अर्थ लावाल तो त्या जोडकामाचा. जागेची रचना शब्दांत मावत नसेल तर वेडंवाकडं चित्र काढा. शेवटी एक ओळ भावनेची आणि वर एक शीर्षक. शीर्षक विचार न करता द्यायचं. माझ्या वहीत त्या दिवशी उमटलं: ‘मदतनीस’. ‘चोर’ नाही, ‘अंधार’ नाही. हे मला तीन दिवसांनी लक्षात आलं.

दुसरी पायरी: साधी कारणं आधी बाजूला काढा

एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच अभ्यासक अल्फ्रेड मोरी यांना एकदा फ्रेंच राज्यक्रांतीचं लांबलचक स्वप्न पडलं. न्यायासन, शिक्षा, गर्दी, आणि शेवटी मानेवर गिलोटिनचं पातं. जाग आली तेव्हा पलंगाचा वरचा दांडा सुटून मानेवर पडलेला होता. झोपलेलं डोकं बाहेरचा धक्का असा गोष्टीत ओवून घेतं.

तेव्हा आधी शरीराला विचारा. ताप होता का? हात अंगाखाली दबला होता का? लघवीला लागली होती का? दात पडण्याच्या स्वप्नावर तर भल्याभल्या कल्पना लढवल्या गेल्या आहेत, पण इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्या स्वप्नाचा संबंध उठल्यावर जाणवणाऱ्या दात-हिरड्या-जबड्याच्या ताणाशी दिसला, मानसिक त्रासाशी नाही. रात्री दात खात असाल तर स्वप्नशास्त्राआधी दंतवैद्य गाठा.

औषधंही पाहा. नैराश्यावरची काही औषधं आणि रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातली काही औषधं स्वप्नं गडद करतात. (म्हणून औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.) दारूमुळे रात्रीच्या पहिल्या भागातली रेम झोप दबते आणि पहाटे ती उसळून येते. यातलं काही लागू असेल तर स्वप्न फेकून द्यायचं नाही, फक्त त्याच्या तीव्रतेला भाव द्यायचा नाही.

तिसरी पायरी: माल कुठून आला

प्रत्येक माणूस, जागा आणि वस्तू यांच्यापुढे लिहा: हे अलीकडे कुठे भेटलं? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी व्हिटन कॅल्किन्स यांनी १८९३ साली असा पद्धतशीर हिशेब मांडला होता. रात्री वेगवेगळ्या वेळी गजर लावून उठायचं आणि हाताशी आलेलं स्वप्न टिपायचं. त्यात त्यांना अलीकडेच पाहिलेली माणसं, जागा, प्रसंगच प्रामुख्याने सापडले. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी याला दिवसाचे अवशेष म्हटलं. फक्त कालचा दिवस पाहू नका. आदल्या दिवसाच्या गोष्टी स्वप्नात येतात, मग मधले काही दिवस त्या कमी दिसतात आणि साधारण पाच ते सात दिवसांनी पुन्हा डोकावतात, असं अभ्यासकांच्या लक्षात आलेलं आहे. म्हणून आठवडाभराचं पान उलटा.

माझ्या बाबतीत: दोन दिवसांपूर्वी वायरमन येऊन गेला होता आणि दिवसभर बोर्ड उघडा होता. शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी जुना वर्गाचा फोटो टाकला होता, त्यात तो मित्र दुसऱ्या रांगेत. झालं की मग, स्वप्न उलगडलं! असं वाटून बरेच जण इथे वही मिटतात.

पण कळलं ते फक्त माल कुठून आला ते. फोटोत तीसेक मुलं होती, त्यांतला हाच का? वायरमनने बोर्ड दुरुस्त केला होता, बटणं काढून नेली नव्हती. आणि बॅटरी माझ्या हातात कोणी दिली? जिथे मूळ प्रसंग आणि स्वप्न यांच्यात फरक पडलाय, त्या जागा अधोरेखित करा. सामान उसनं असतं, मांडणी आपली असते.

चौथी पायरी: भावना नेमकी कोणती

‘भीती वाटली’ एवढं पुरत नाही. कशी भीती? पकडलं जाण्याची, उशीर होण्याची, हसं होण्याची, एकटं पडण्याची? अंगात कुठे जाणवली? माझ्या स्वप्नात अंधार पसरत असूनही मला भीती नव्हतीच. घाई होती आणि थोडी लाज होती, आपण पुरेसे कामाला येत नाही अशी. चित्र चोरीचं आणि भावना मदतनिसाची. चित्र आणि भावना जुळत नसतील तर भावनेवर विश्वास ठेवा. चित्राचं सामान कुठूनही येतं. मग स्वतःला विचारा, ही अगदी अशीच भावना गेल्या पंधरा दिवसांत जागेपणी केव्हा आली? उत्तर लगेच आलं नाही तर प्रश्न तसाच ठेवून पुढे चला.

पाचवी पायरी: परग्रहावरच्या पाहुण्याला समजावून सांगा

सगळ्या पद्धतीचा कणा हा आहे, म्हणून इथे वेळ घाला.

स्वप्नांचे कोश चुकतात ते एका साध्या कारणाने. कुत्रा म्हटल्यावर एकाला लहानपणीचा सोबती आठवतो आणि दुसऱ्याला पोटरीवरचे टाके. हे काही नवं ज्ञान नाही. दुसऱ्या शतकातल्या आर्टेमिडोरस या ग्रीक स्वप्नपाठकाने स्वप्नांच्या अर्थांवर पाच भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचाही आग्रह असा की स्वप्न पाहणारा कोण, त्याचा धंदा काय, सवयी काय, हे आधी विचारा, कारण एकच स्वप्न दोघांसाठी वेगळं ठरतं. पुढच्या कोशकारांनी याद्या ठेवल्या आणि चौकशी गाळली.

तर करायचं असं. स्वप्नातल्या महत्त्वाच्या तीन-चार गोष्टी निवडा, जास्त नकोत. समोर परग्रहावरून आलेला पाहुणा बसलाय, त्याला यातलं काहीही ठाऊक नाही, असं समजून प्रत्येक गोष्ट त्याला सांगा. ही वस्तू काय असते? कशासाठी असते? तुला आवडते का? असा वेडगळ प्रश्न विचारणारा समोर नसेल तर आपण ‘बटण म्हणजे बटण’ म्हणून पुढे जातो. माझं उत्तर असं उतरलं: ‘बटण लहान असतं, त्याची किंमत काही नसते, पण खोलीत उजेड हवा की नको हे ज्याचा हात बटणावर तो ठरवतो.’ लिहून झाल्यावर मी त्या वाक्याकडे जरा वेळ बघत बसलो.

माणसांसाठी वेगळी युक्ती आहे. त्या व्यक्तीची तीन विशेषणं, भराभर, न खोडता. मित्राबद्दल लिहिलं: हसरा. हिशेबी. आणि तिसरं विशेषण आलंच नाही, वाक्य आलं: ‘याला कधी काही मागावं लागायचं नाही.’ खरंच, तो मागत नसे. मीच पुढे होऊन द्यायचो. कंपासपेटी, वह्या, एकदा तर संघातली जागा. आणि मग घरी येऊन कुढायचो. स्वप्नातला माणूस त्या माणसाविषयीच काही सांगत असेल असं नाही. बऱ्याचदा तो एखाद्या वागण्याचा प्रतिनिधी म्हणून आलेला असतो. म्हणूनच जुन्या मित्राचं स्वप्न पडलं की त्याला घाबरून फोन करायची गरज नसते. इच्छा असेल तर करा, ते वेगळं.

एक मर्यादा पाळा. फ्रॉइड यांच्या मुक्त साहचर्यात एका आठवणीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं जात राहायचं असतं. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांचा आक्षेप असा की असं वाहत गेलात तर कशावरूनही निघून आपल्या ठरलेल्या दुखण्यांपाशीच पोहोचाल, त्यासाठी स्वप्न कशाला हवं? म्हणून ते पुन्हा पुन्हा मूळ प्रतिमेकडे परतायला सांगत. घरी एकट्याने करणाऱ्याने युंग यांचं ऐकावं असं माझं मत आहे. एका वस्तूवरून एक-दोन आठवणी, की परत त्या वस्तूपाशी.

अडकलात तर मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ पर्ल्स यांची रीत वापरून बघा. स्वप्नातली वस्तू होऊन पहिल्या पुरुषात बोलायचं. ‘मी बॅटरी आहे. मला स्वतःला काही नको. मी दुसऱ्याच्या हातांवर उजेड पाडते.’ हे मोठ्याने बोलताना फार चमत्कारिक वाटतं. दार लावून घ्या.

जाता जाता परीक्षेच्या स्वप्नाबद्दल, कारण ते फार जणांना पडतं. पेपर आहे, अभ्यास झालेला नाही, वर्ग सापडत नाही. फ्रॉइड यांनी नोंदवलेली गंमत अशी की अशा स्वप्नात सहसा आपण प्रत्यक्षात पास झालेली परीक्षाच येते. तुमचं स्वप्न त्या धर्तीचं असेल तर पाहुण्याला हेही सांगा: ती परीक्षा पुढे कशी गेली?

सहावी पायरी: तुम्हाला काय विचित्र वाटलं नाही?

विचित्र स्वप्न म्हटलं की आपण विचित्र वस्तूंकडे धावतो, लांबट खोल्या, उडणारे मासे वगैरे. माझा अनुभव असा की कामाची जागा दुसरीकडे असते. स्वप्नात असताना तुम्ही कोणती गोष्ट मुकाट्याने मान्य केलीत? जाग्या माणसाने जिथे आरडाओरडा केला असता, तिथे तुम्ही शांत होतात का? चौकशी करणारा भाग झोपलेला असल्यामुळे असं होतं, हे वर आलंच. पण म्हणूनच तिथे आपली मुरलेली सवय उघडी पडू शकते.

तेव्हा वहीत दोन रकाने करा. एकात ‘मी काय केलं’, दुसऱ्यात ‘मी काय करू शकलो असतो’. माझ्या पहिल्या रकान्यात होतं: बॅटरी धरली, घाई केली, परत दिलेलं बटण मुठीत लपवलं. दुसऱ्यात: ‘काय करतोयस?’ असं विचारणं. इतकं साधं. ते मला स्वप्नात सुचलंच नव्हतं.

सातवी पायरी: नावं काढा, क्रियापदं ठेवा

आता स्वप्न एका वाक्यात लिहा, पण माणसांची आणि वस्तूंची नावं न घेता. ‘कोणीतरी माझ्या हातातलं नियंत्रण काढून घेतंय आणि मी त्याला त्यात मदत करतोय, वर लाजतोही आहे.’ हे वाक्य घेऊन जागेपणीच्या आयुष्यावरून फिरा: घर, काम, पैसा, तब्येत, नाती. कुठे अडकतंय?

माझं ऑफिसात अडकलं. एक नवा सहकारी आला होता आणि माझी कामं एकेक करून त्याच्याकडे सरकत होती. घरी मी रोज सांगत होतो की तो माझ्या हातातलं सगळं काढून घेतोय. म्हणून माझा पहिला अर्थ झटकन तयार झाला: पाहा, स्वप्नसुद्धा तेच म्हणतंय, तो लुबाडतोय. फार समाधान वाटलं. त्या समाधानाचाच संशय यायला हवा होता.

आठवी पायरी: अर्थाची उलटतपासणी

केरी मोरवेज आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की लोक स्वप्नांना सरसकट महत्त्व देत नाहीत, सोयीने देतात. आवडत्या माणसाबद्दल चांगलं स्वप्न पडलं की ते अर्थपूर्ण, नावडत्याबद्दल वाईट पडलं की तेही अर्थपूर्ण, आणि उलट पडलं की ‘स्वप्नच ते’. शिवाय अर्थ ‘अगदी लागू पडतो’ असं वाटणं हाही पुरावा नाही. मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ साली विद्यार्थ्यांना ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकेक वर्णन दिलं. मुलांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४ च्या वर गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातला बराचसा मजकूर भविष्याच्या पुस्तकातून उचललेला.

म्हणून मी तीन प्रश्न ठेवले आहेत. या अर्थात स्वप्नातला सगळ्यात नडणारा तपशील बसतो का? माझ्या ‘लुबाडणाऱ्या’ अर्थात बॅटरी बसत नव्हती. दुसरा: या अर्थाने मला काही नवीन कळलं, की मी आधीपासून म्हणत होतो तेच स्वप्नाच्या तोंडी घातलं? तिसरा, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा: हा अर्थ खरा असेल तर जागेपणी काय सापडायला हवं? जाऊन बघा. मी दोन महिन्यांचे मेल काढले. पाच कामं त्याच्याकडे गेली होती. त्यातल्या चार कामांच्या वेळी ‘हे तू बघशील का?’ असं मीच लिहिलं होतं. त्याने एकदाही मागितलं नव्हतं.

हा दुसरा अर्थ मला आवडला नाही. आवडला नाही म्हणून तो खरा ठरत नाही हेही लक्षात ठेवा, काही जणांना स्वतःला दोष देण्यातच गोडी असते. मेलनी तो खरा ठरवला.

उलटतपासणीत एकही अर्थ टिकला नाही तर? मग सोडून द्या. माझ्या वहीतली निम्म्याहून जास्त स्वप्नं ‘काही लागत नाही’ या शेऱ्याखाली पडली आहेत. प्रत्येक स्वप्नातून काहीतरी काढायचंच असा हट्ट धरलात की पाचव्या स्वप्नापासून तुम्ही कादंबरी लिहायला लागता.

दुसऱ्याला सांगताना

कधी कधी आपलं आपल्याला दिसत नाही. अशा वेळी सांगायला माणूस निवडावा तो ऐकणारा, उलगडून देणारा नको. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ माँटेग्यू उलमन यांनी गटात स्वप्नं पाहण्याची एक पद्धत बसवली होती. तिचा मुख्य नियम घरातही चालतो: ऐकणाऱ्याने ‘तुझ्या स्वप्नाचा अर्थ असा’ असं म्हणायचं नाही. ‘हे स्वप्न माझं असतं तर मला असं वाटलं असतं’ एवढंच म्हणायचं. घ्यायचं की नाही हे स्वप्न ज्याचं तो ठरवेल. आणि ज्या माणसाविषयी स्वप्न आहे त्यालाच ते सकाळी सकाळी ऐकवायची घाई करू नये.

पुन्हा पुन्हा पडणारी आणि गेलेल्या माणसांची स्वप्नं

एखादं स्वप्न परत परत पडत असेल तर एका रात्रीवर डोकं घालू नका. तीन-चार नोंदी शेजारी मांडा आणि काय बदललं ते बघा. दार बंदच आहे, पण या वेळी किल्ली खिशात होती का? स्वप्न कोणत्या दिवसांत येतं, त्या तारखांना काय चाललं होतं, हे पाहिल्यावर बरंचसं आपोआप कळतं.

गेलेलं माणूस स्वप्नात आलं तर वरच्या सगळ्या पायऱ्या गुंडाळून ठेवल्या तरी चालतील. लिहून ठेवा. भेट झाली एवढं पुष्कळ असतं कधी कधी. पाहुण्याला समजावत बसायची गरज नाही.

जिथे वही पुरत नाही

स्वप्न हा कोणाच्याही विरुद्धचा पुरावा नाही. जोडीदार फसवतोय असं दिसलं म्हणून त्याचा फोन तपासू नका. आजार दिसला म्हणून घाबरू नका, फार तर राहिलेली तपासणी करून घ्या. नोकरी सोडणं, नातं तोडणं असले निर्णय एका स्वप्नावर घ्यायचे नाहीत.

खऱ्या घडलेल्या आघाताची दुःस्वप्नं वारंवार पडत असतील तर एकट्याने अर्थ खणत बसणं त्रास वाढवू शकतं. तिथे मानसोपचारतज्ज्ञ हवा. अशा दुःस्वप्नांवर एक उपचार आहे. त्यात दिवसा, जागेपणी, त्या स्वप्नाची गोष्ट हवी तशी बदलून घेतात आणि बदललेली गोष्ट रोज थोडा वेळ मनात घोळवतात. अर्थ न लावताही तो अनेकांना उपयोगी पडतो. आणि कोणी झोपेत स्वप्नाप्रमाणे खरोखर लाथा मारत असेल, ओरडत असेल, पलंगावरून पडत असेल, विशेषतः उतारवयात, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. हा झोपेचा एक विकार असतो आणि काही जणांत तो पार्किन्सनच्या कित्येक वर्षं आधी दिसू लागतो. तिथे स्वप्नात काय होतं याला महत्त्व नाही.

शेवटचं काम: एक लहानशी कृती, आणि महिनाभराने पुन्हा वाचन

टिकलेल्या अर्थावरून एकच गोष्ट करा, छोटी, मागे घेता येईल अशी. मी त्या सहकाऱ्याला एका कामाबद्दल म्हटलं, ‘हे मीच करतो.’ तो ‘बरं’ म्हणाला आणि कॉम्प्युटरकडे वळला. मी तिथे तयारी केलेली चार वाक्यं घेऊन उभा होतो. ती वापरायची वेळच आली नाही.

महिन्याने नोंद परत वाचा. तेव्हा डोकं थंड असतं आणि ओढूनताणून बसवलेले तुकडे लगेच डोळ्यांत खुपतात. मी वाचली तेव्हा एक तुकडा तसाच राहिलेला दिसला, तो मित्राने मला परत दिलेल्या बटणाचा. परत घेतलेलं ते काम म्हणजेच हे बटण, असं आता छान जुळवता येईल. पण स्वप्न पडलं तेव्हा ते काम मी परत घेतलेलंच नव्हतं. म्हणून समासात प्रश्नचिन्ह आहे, ते खोडलेलं नाही.